दुर्मीळ शब्दाचे मोल : कॅरन स्पार्क जोन्स यांची संशोधन-वाटचाल

या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी पाठविलेले लेख संगणकावर टंकित होऊन आले, तेव्हा संपादनाच्या कामात आमच्यापुढे एक साधीच अडचण उभी राहिली. वसतिगृहामागच्या जुन्या विहिरीविषयी कोणी काय लिहिले आहे, हे आम्हांस एकत्र पाहावयाचे होते. शब्द शोधण्याच्या चौकटीत 'शाळा' हा शब्द घातला, तर सगळेच लेख पुढे आले. 'वसतिगृह' घातल्यावर निम्मे आले. 'विहीर' घातला तेव्हा मात्र दोनच लेख राहिले. ते दोन वाचून आम्ही पुढच्या कामास लागलो.

जो शब्द सर्वत्र आढळतो तो शोधणाऱ्याला काहीच सांगत नाही, आणि जो क्वचित आढळतो तो नेमके ठिकाण दाखवितो. ही गोष्ट ग्रंथालयात बसणाऱ्या कोणालाही अनुभवाने ठाऊक असते. परंतु अनुभवाने ठाऊक असणे वेगळे, आणि तिला मोजमापाच्या नियमात बसवून, प्रयोगाने पडताळून जगापुढे ठेवणे वेगळे. हे दुसरे काम १९७२ साली केंब्रिजच्या एका विदुषीने केले. त्यांचे नाव कॅरन स्पार्क जोन्स. आज भ्रमणध्वनीवर एखादी माहिती शोधताना आपण सारे ज्या तत्त्वाचा लाभ घेतो, त्याचा पाया त्यांच्या एका लेखात आहे. तरीही हे नाव आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकलेले असेल.

त्यांचा परिचय येथे करून देण्यास आणखी एक कारण आहे. दरवर्षी पालक-सभेत कोणी ना कोणी विचारते, "आमची मुलगी भाषेत आणि इतिहासात हुशार आहे, गणितात बेताची आहे, तिला संगणकाच्या वाटेला जाऊ द्यावे का?" या प्रश्नाला आम्ही आजवर गोलमाल उत्तरे देत आलो. कॅरनबाईंचे चरित्र वाचल्यावर आपली उत्तरे अपुरी होती, असे आम्हांस वाटू लागले.

कॅरन यांचा जन्म २६ ऑगस्ट १९३५ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यातल्या हडर्सफील्ड या गावी झाला. वडील ओवेन जोन्स रसायनशास्त्राचे अध्यापक होते. आई इडा स्पार्क मूळच्या नॉर्वेच्या. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेचे सरकार परागंदा होऊन लंडनला आले, तेव्हा त्यांनी त्या सरकारच्या सेवेत काम केले. मुलीने आईचे व वडिलांचे अशी दोन्ही आडनावे आयुष्यभर लावली आणि विवाहानंतरही ती बदलली नाहीत.

गावातील शाळेतून त्या १९५३ साली केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयात दाखल झाल्या. स्त्रियांना निवासाची सोय देऊन उच्च शिक्षण देणारी ही इंग्लंडमधील पहिली संस्था. तिची स्थापना १८६९ ची. पण केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पदवी देण्यास १९४८ साल उजाडावे लागले. म्हणजे गर्टनच्या मुली जवळजवळ ऐंशी वर्षे अभ्यास करीत होत्या, आणि पूर्ण पदवी मात्र त्यांना मिळत नव्हती. कॅरन तेथे आल्या तेव्हा हा दरवाजा उघडून अवघी पाच वर्षे झाली होती. त्यांनी इतिहास हा विषय घेतला आणि शेवटचे एक वर्ष तत्त्वज्ञानाला दिले. केंब्रिजमध्ये त्या काळी तत्त्वज्ञानाला 'नैतिक शास्त्रे' असे भारदस्त नाव होते. गणिताची वा विज्ञानाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. शिक्षण संपल्यावर काही काळ त्यांनी शाळेत शिकविले.

याच सुमारास रॉजर नीडहॅम या तरुण संशोधकाशी त्यांचा परिचय झाला. १९५८ मध्ये दोघांचा विवाह झाला. नीडहॅम यांच्यामुळे त्या केंब्रिज भाषा संशोधन केंद्रात पोहोचल्या, आणि त्यांच्या आयुष्याची दिशा तेथे ठरली.

हे केंद्र चालविणाऱ्या मार्गारेट मास्टरमन या स्वतंत्र लेखाचाच विषय आहेत. तत्त्ववेत्ते विट्गेनश्टाइन यांच्या वर्गात बसलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकी त्या एक. यंत्राला एका भाषेतून दुसऱ्या भाषेत अनुवाद करता येईल काय, हा प्रश्न घेऊन १९५० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी हे केंद्र उभे केले. तेथे वनस्पतिशास्त्रज्ञ होते, भाषाशास्त्रज्ञ होते, गणिती होते. केंद्राची जागा विद्यापीठाच्या आवारात नव्हती. गावाच्या दुसऱ्या टोकाला मिलिंग्टन रोडवरच्या एका छोट्या, देखण्या इमारतीत ते भरत असे. या इमारतीत पूर्वी अतिपूर्वेकडील कलावस्तूंचे खासगी संग्रहालय होते. भिंतींत लहान लहान बुद्धमूर्ती बसविलेल्या होत्या. संगणकाला भाषा शिकविण्याचे आरंभीचे काही प्रयत्न बुद्धमूर्तींच्या सोबतीने झाले, ही गोष्ट आपल्या संस्थेच्या वाचकांना आवडेल म्हणून मुद्दाम नोंदवितो.

त्या काळचा संगणक म्हणजे खोलीभर पसरलेले यंत्र, आणि त्याला माहिती पुरवायची ती भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरून. मास्टरमनबाईंनी व्हर्जिल या लॅटिन कवीची, शेतकरी नांगराने जमीन फोडतो अशा आशयाची एक ओळ घेऊन, समानार्थी शब्दांच्या कोशाच्या साहाय्याने तिचा अनुवाद यांत्रिक रीतीने करून पाहिला होता. शब्दास एकच ठरावीक प्रतिशब्द देण्याऐवजी तो कोणत्या अर्थगटात पडतो हे पाहावे, आणि शेजारच्या शब्दांचे गट ज्याच्याशी जुळतील तो अर्थ निवडावा, अशी ती कल्पना. एवढी भाषिक दृष्टी त्या यंत्रयुगाच्या बाल्यावस्थेत असावी, याचे आम्हांस आजही नवल वाटते.

संगणकाला आज्ञा लिहून देण्याचे तंत्र कॅरनबाई येथेच स्वतः शिकल्या. त्यांचा पीएच. डी. चा प्रबंध १९६४ साली पुरा झाला. विषय होता समानार्थता आणि शब्दांचे अर्थानुसार वर्गीकरण. दोन शब्द समानार्थी कधी म्हणावयाचे? एका वाक्यात एकाच्या जागी दुसरा घातला आणि वाक्याचा अर्थ बदलला नाही, तर तेवढ्या वापरापुरते ते समानार्थी. आपल्याकडे 'पाणी', 'जल' आणि 'उदक' हे शब्द कोशात शेजारी बसतात. पण गुरांना आपण पाणी पाजतो, जल पाजत नाही, आणि कोणाचे पाणी जोखताना तेथे उदक चालत नाही. म्हणजे समानार्थता शब्दात नसून वापरात असते. कॅरनबाईंनी इंग्रजीच्या ऑक्सफर्ड कोशातून अशा वापरांचे गट गोळा केले, आणि ते गट जुळवून मोठे अर्थसमूह यंत्राकडून काढवून घेण्याची पद्धत मांडली. त्या वेळच्या यंत्रांच्या मानाने हे काम फार मोठे होते. प्रबंध ग्रंथरूपाने छापला गेला तो १९८६ मध्ये, म्हणजे बावीस वर्षांनी.

मधल्या काळात वारा फिरला. १९६६ साली अमेरिकेत शासकीय समितीचा एक अहवाल निघाला. यांत्रिक अनुवादावर झालेल्या खर्चाच्या मानाने फलित अल्प आहे, असे त्याने स्पष्ट म्हटले, आणि या विषयाकडे येणारा पैसा आटला. अनेक जण क्षेत्र सोडून गेले. कॅरनबाई भाषेचा प्रश्न घेऊन शेजारच्या एका क्षेत्रात शिरल्या. हजारो लेखांच्या साठ्यातून हवा तो लेख कसा शोधावा, हे ते क्षेत्र.

ग्रंथालयांत तोवर एक रीत रूढ होती. प्रत्येक लेखाला जाणकार व्यक्तीने काही सूचक शब्द लावावेत, आणि वाचकाच्या प्रश्नातील शब्द ज्या लेखाच्या सूचक शब्दांशी अधिक जुळतील तो लेख आधी द्यावा. पण सगळे शब्द सारख्याच किमतीचे मानले की काय होते, हे आपल्या स्मरणिकेच्या उदाहरणावरून पाहता येईल. हिशेब सोपा जावा म्हणून लेख ६४ आहेत असे धरू. वाचक तीन शब्द देतो : शाळा, वसतिगृह, विहीर. एका लेखात 'शाळा' आणि 'वसतिगृह' आहेत, विहिरीचे नावही नाही. त्याला दोन गुण. दुसऱ्यात 'शाळा' आणि 'विहीर' आहेत. त्यालाही दोनच गुण. वाचकाला हवा आहे दुसरा, पण यंत्राच्या लेखी दोघे सारखे.

यावर एक उपाय पूर्वीपासून होता : फार आढळणारे शब्द सरळ वगळून टाकावेत. कॅरनबाईंनी तो पुरेसा मानला नाही. नेहमीचे शब्द टाकून दिले, तर त्यांच्यावाचून न सापडणारे अनेक उपयुक्त लेख हातचे जातात. शब्द टाकू नयेत, त्यांचे वजन कमी करावे, असे त्यांनी सुचविले. आणि हे वजन ठरवायचे कसे? एकूण लेखांची संख्या घ्यावी, आणि तो शब्द जितक्या लेखांत आला आहे त्या संख्येपर्यंत पोहोचण्यासाठी ती किती वेळा निम्मी करावी लागते, ते मोजावे. 'शाळा' ६४ पैकी ६४ लेखांत आहे. निम्मे करण्याची गरजच नाही, म्हणून शून्य. 'वसतिगृह' ३२ लेखांत, एकदा निम्मे. 'भाकरी' समजा ८ लेखांत, तीनदा. 'विहीर' २ लेखांत, पाचदा. एकाच लेखात आलेल्या शब्दासाठी सहा वेळा. या प्रत्येकात त्या एक मिळवीत, म्हणजे सर्वत्र आढळणाऱ्या शब्दालाही अगदीच शून्य किंमत येत नसे. आता वरचे दोन लेख पुन्हा मोजू. पहिल्याला 'शाळा'चा एक आणि 'वसतिगृह'चे दोन, मिळून तीन. दुसऱ्याला 'शाळा'चा एक आणि 'विहीर'चे सहा, मिळून सात. हवा असलेला लेख आपोआप वर आला.

गणित म्हणाल तर एवढेच आहे. ज्यांनी शाळेत लॉगॅरिथमची कोष्टके चाळली आहेत, त्यांना निम्मे करण्याच्या या मोजणीत जुनी ओळख पटेल.

या लेखातील खरी झेप मात्र आम्हांस गणितात दिसत नाही, भाषेच्या विचारात दिसते. एखादा शब्द किती नेमका आहे हे त्याच्या अर्थावरून ठरते, असे तोवर ग्रंथालयशास्त्र मानीत असे. 'धान्य' हा शब्द ढोबळ, 'ज्वारी' नेमका. कॅरनबाईंचे म्हणणे असे, की शोधाच्या कामात नेमकेपणा हा अर्थाचा गुण धरू नये, त्या साठ्यातील वापराचा धरावा. ज्वारीवरच संशोधन करणाऱ्या संस्थेच्या ग्रंथालयात 'ज्वारी' हा शब्द प्रत्येक लेखात असणार. तेथे तो कितीही नेमका असो, काहीही निवडून देऊ शकत नाही. तोच शब्द इतिहासाच्या ग्रंथालयात गेला की मौल्यवान होतो. शब्दाची किंमत तो कोणत्या समूहात उभा आहे यावर ठरते. अर्थ वापरात असतो, हे तत्त्वज्ञानाच्या वर्गातून आणि समानार्थतेच्या प्रबंधातून घासून आलेले ज्ञान येथे संख्येचे रूप घेऊन उभे राहिले. केवळ गणित शिकलेल्या माणसाला हे सुचलेच नसते असे आम्ही म्हणत नाही. पण ते सुचले ते इतिहास व तत्त्वज्ञान शिकलेल्या बाईंना, ही वस्तुस्थिती आहे.

हा लेख 'जर्नल ऑफ डॉक्युमेंटेशन' या नियतकालिकात १९७२ साली प्रसिद्ध झाला. केवळ तर्क मांडून त्या थांबल्या नाहीत. आधीच्या प्रयोगांतून उपलब्ध असलेले काही शे लेखांचे संग्रह घेऊन, वजन लावून व न लावता, दोन्ही प्रकारे शोध करून त्यांनी निकाल शेजारी शेजारी मांडले. वजन लावलेला शोध सरस ठरला. पुढे अमेरिकेत जेरार्ड साल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या वजनाला दुसऱ्या एका मापाची जोड दिली : तो शब्द त्याच लेखात किती वेळा आला आहे. ही जोडी पुढे या शास्त्राचे मूलाक्षर बनली. १९७६ साली कॅरनबाईंनी स्टीफन रॉबर्टसन यांच्यासह संभाव्यतेच्या गणितावर या विचाराची अधिक पक्की मांडणी केली, आणि त्या धाग्यातून रॉबर्टसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात शब्दांना गुण देण्याचे जे सूत्र तयार केले, ते आजही वापरात आहे. आजची संवाद करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता वेगळ्या तत्त्वावर चालते हे खरे; पण उत्तर देण्यापूर्वी आधारासाठी कागदपत्रे शोधून आणण्याची वेळ येते, तेव्हा पुष्कळदा हेच जुने सूत्र कामास येते.

इतके सारे झाले, आणि बाईंची नोकरी? हा भाग वाचताना आम्ही अस्वस्थ झालो. १९७४ पासून त्या केंब्रिजच्या संगणक प्रयोगशाळेत होत्या, पण दीर्घकाळ मुदतीच्या नेमणुकांवर. एका प्रकल्पाचा पैसा संपला की दुसरा प्रकल्प लिहावयाचा, मंजूर होण्याची वाट पाहावयाची. पती नीडहॅम त्याच प्रयोगशाळेचे १९८० पासून प्रमुख होते. १९८८ साली माहिती-शोध क्षेत्रातील प्रतिष्ठेचा साल्टन पुरस्कार त्यांना मिळाला, १९९४ मध्ये संगणकीय भाषाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, १९९५ मध्ये ब्रिटिश अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले. आणि त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले ते १९९९ साली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. तीन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. आपल्याकडे तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकविणाऱ्या शिक्षकांना ही कहाणी परकी वाटणार नाही. फरक एवढाच, की कॅरनबाईंच्या पाठीशी घरची स्थिर मिळकत होती. सर्वांच्या पाठीशी ती नसते, आणि म्हणून केवळ चिकाटीने सारे साधते असे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना सांगणार नाही.

त्यांच्या उत्तरकाळातील कामांचा आवाका मोठा आहे. साध्या भाषेत प्रश्न विचारून माहितीसाठ्यातून उत्तर काढणे, लांब मजकुराचा संक्षेप करणे, बोललेल्या शब्दांच्या ध्वनिमुद्रणात शोध घेणे, अशा अनेक वाटा त्यांनी चोखाळल्या. १९८० च्या दशकात ब्रिटनने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनास पुन्हा उभारी देण्यासाठी आल्वी कार्यक्रम हाती घेतला, त्यातही त्यांचा वाटा होता. पण त्यांचा सर्वांत मोठा आग्रह कसोटीचा होता. यंत्र हुशार आहे असे म्हणणाऱ्याने कोणत्या कामासाठी, कोणत्या साठ्यावर, कशाच्या तुलनेत, हे सांगितलेच पाहिजे. १९९२ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने जगभरच्या शोधयंत्रणांची एकाच प्रश्नपत्रिकेवर परीक्षा घेण्याचा वार्षिक उपक्रम सुरू केला, त्याच्या जडणघडणीत त्यांचे मार्गदर्शन होते. कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी रोज नवे दावे ऐकू येत असताना हा आग्रह आम्हांस त्यांच्या सूत्राइतकाच मोलाचा वाटतो.

संगणन हा विषय केवळ पुरुषांच्या हाती सोडून देण्याजोगा नाही, इतका तो महत्त्वाचा आहे, असे त्या नेहमी म्हणत. मुलींनी या क्षेत्रात यावे यासाठी त्यांनी सातत्याने प्रयत्न केले. २००३ मध्ये पती निवर्तले. २००७ साली ब्रिटिश संगणक संस्थेचे लव्हलेस पदक त्यांना जाहीर झाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. तोवर कर्करोग बळावला होता. पुरस्काराचे व्याख्यान त्यांनी ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवले, आणि ४ एप्रिल २००७ रोजी त्यांचे निधन झाले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्यांचा मृत्युलेख छापला तो २०१९ च्या जानेवारीत. ज्यांची दखल त्या त्या वेळी घेतली गेली नाही, अशांसाठी त्या वृत्तपत्राने चालविलेल्या सदरात.

आता आपल्या भाषेकडे वळू. त्यांनी पाया घातलेल्या परीक्षा-पद्धतीच्या धर्तीवर २००८ साली भारतीय भाषांसाठी असा उपक्रम सुरू झाला, आणि पहिल्याच फेरीत बंगाली व हिंदीबरोबर मराठीचाही समावेश होता. मराठीपुढची अडचण इंग्रजीहून निराळी आहे. इंग्रजी शब्दाची रूपे मोजकी. आपल्याकडे एका 'घर' शब्दाची घरात, घराला, घरातून, घरांमधल्या, घरापासूनसुद्धा अशी माळ लागते. यंत्राने ही प्रत्येक रूपे वेगळे शब्द मानली, तर प्रत्येक रूप थोड्याच लेखांत आढळेल आणि अगदी सामान्य शब्दही दुर्मीळ भासेल. त्याला भलतेच वजन चढेल. म्हणून आधी प्रत्यय सोडवून मूळ शब्दापर्यंत पोहोचावे लागते. तेथे केवळ शेपूट कापून भागत नाही, कारण सामान्यरूप होताना मूळ शब्दाचाच आकार बदलतो. दादोबा पांडुरंग, दामले, अर्जुनवाडकर यांची व्याकरणे येथे संगणकाच्या कामाची होतात. व्याकरणाच्या तासाला जांभई देणाऱ्या आमच्या मुलांना हे सांगावयास हवे. गणितात बेताच्या असलेल्या त्या मुलीच्या पालकांनाही.

हा लेख लिहीत असतानाच आमच्यापैकी एकाच्या ध्यानात आले, की आम्ही शोधला होता तो शब्द 'विहीर', त्यात 'ही' दीर्घ. 'विहिरीवर', 'विहिरीतून', 'विहिरीच्या' यांत 'हि' ऱ्हस्व होते, आणि यंत्राच्या लेखी तो वेगळाच शब्द ठरतो. पुन्हा चौकटीत 'विहिरी' एवढी अक्षरे घालून पाहिले. आधीच्या दोन लेखांशिवाय तिसरा एक लेख निघाला. आरंभीच्या तुकडीतील एका विद्यार्थिनीचा, उन्हाळ्यात पहाटे विहिरीवर लागणाऱ्या बादल्यांच्या रांगेविषयीचा. तिने संपूर्ण लेखात 'विहीर' हा शब्द त्याच्या मूळ रूपात एकदाही वापरलेला नाही. तो लेख आता इतर दोन लेखांच्या शेजारी घेतला आहे.